सहावी जागा : खानदेशातील सिकलसेल आणि रायबोसोमची चाल

खानदेशात सिकलसेलचा विषय निघाला की तो आकड्यांपासूनच सुरू होतो. डॉ. सुदाम काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ साली महाराष्ट्रातील या आजाराच्या प्रसाराविषयी एक शोधनिबंध लिहिला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याची त्यात नोंद आहे. पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असे जे जिल्हे त्यांनी सांगितले, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ ही विदर्भातली नावे आहेत आणि सातपुड्याच्या आमच्या टोकाला एकटे नंदुरबार. हे नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचे दोन तुकडे केले, तेव्हापासून धुळ्याकडचा भाग पश्चिम खानदेश आणि जळगावकडचा पूर्व खानदेश म्हणून ओळखला जाई. भिल्ल, पावरा, तडवी ही माणसे मात्र जिल्ह्यांच्या हद्दी पाहून राहिलेली नाहीत. शिरपूर आणि साक्रीत ती आहेत, तशी चोपडा, यावल आणि रावेरच्या डोंगरपट्ट्यातही आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचे रक्तही आहे.

मी तीसएक वर्षे खानदेशातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले. पाठ्यपुस्तकात सिकलसेल आनुवंशिकतेच्या प्रकरणात येतो आणि रायबोसोम पेशीविज्ञानाच्या. दोन प्रकरणांत शंभरेक पानांचे अंतर असते, आणि परीक्षेतही ते वेगवेगळ्या प्रश्नांत विचारले जातात. पण या दोन गोष्टींचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा तो एकच इतिहास असल्याचे दिसू लागले. रायबोसोम निरोपावरून कसा चालतो, कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे चालतो, एकटा चालतो की रांगेने, हे माणसाला प्रथम कळले ते हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशींतून. आणि हिमोग्लोबिनकडे सगळ्यांचे लक्ष वळले होते ते बऱ्याच अंशी सिकलसेलमुळे. म्हणजे ज्या रेणूने सातपुड्यातल्या पोरांचे सांधे सुजतात, त्याच रेणूने जीवशास्त्राला प्रथिनाची घडण उलगडून दाखवली. ती हकिगत इथे मांडायची आहे.

सुरुवात शिकागोत होते. १९०४ साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा तरुण तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते प्रसिद्ध केले. पुढची चाळीस वर्षे हा आजार पेशीच्या आकाराचाच मानला गेला. १९४९ साली लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी दाखवले की वाकडेपणा पेशीत नाही, पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. विजेच्या क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोग्याच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकत होते. 'रेणूचा आजार' ही कल्पना तिथून आली.

आपल्याकडे १९५२ साली लेहमान आणि कटबुश यांना नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळला. १९५६ साली सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही जमातींतील वाहकांची नोंद केली. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील वाहकांविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. ही सगळी कामे आणि आता सांगणार आहे ते केम्ब्रिज-बोस्टनमधले काम एकाच दशकातले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

केम्ब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे केले. तीसएक तुकडे झाले. ते कागदावर आधी विजेने आणि मग द्रावकाने पसरवले की ठिपक्यांची एक नक्षी उठते, बोटाच्या ठशासारखी. निरोगी आणि रुग्ण यांचे ठसे शेजारी ठेवले तेव्हा सगळे ठिपके जुळले, फक्त एक सोडून. १९५६-५७ मध्ये त्या एका ठिपक्याचा उलगडा झाला. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत एके ठिकाणी ग्लुटामिक आम्ल हवे होते, तिथे व्हॅलिन होते. बाकी सगळे तेच. पुढे ती जागा सहावी ठरली. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन आणि मग ग्लुटामिक असा निरोगी साखळीचा आरंभ आहे. सिकलसेलमध्ये प्रोलिननंतर पुन्हा व्हॅलिन येते.

(जाता जाता : अलीकडच्या प्रयोगशाळांच्या अहवालांत हीच जागा 'सातवी' लिहिलेली आढळते. साखळीची सुरुवात मेथिओनिनने होते आणि ते नंतर कापून टाकले जाते. जुन्या मंडळींनी ते मोजले नव्हते, नवे मोजतात. आजार तोच आहे. दोन अहवाल हातात घेऊन घाबरलेले पालक मी पाहिले आहेत, म्हणून सांगितले.)

इथवर साखळीत काय बदलले ते कळले. साखळी विणली कशी जाते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. जॉर्ज पलाडे यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत बारीक कण पाहिले होते. १९५८ साली त्यांना रायबोसोम हे नाव मिळाले. पॉल झॅमेक्निक यांच्या बोस्टनच्या प्रयोगशाळेने याच कणांवर प्रथिन तयार होते असे दाखवले होते. पण कण अमिनो आम्ले एकाच वेळी साच्यात बसवावी तशी बसवतो, की मधूनच कुठून तरी सुरुवात करतो, की एका टोकापासून एकेक गुंफत जातो? तिन्ही शक्यता मोकळ्या होत्या.

याचे उत्तर हॉवर्ड डिन्टझिस यांच्या १९६१ च्या प्रयोगाने दिले. ससे घ्यायचे, त्यांना फेनिलहायड्रॅझिन टोचून रक्तक्षय करायचा. शरीर घाईने नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. या अर्ध्या कच्च्या पेशींत केंद्रक उरलेले नसते, पण रायबोसोम आणि निरोप शाबूत असतात आणि त्या जवळजवळ एकाच कामात गुंतलेल्या असतात : हिमोग्लोबिन बनवणे. दुसरे प्रथिन मध्ये फारसे लुडबुडत नाही. अशी पेशी नसती तर हा प्रयोग त्या काळात झालाच नसता असे माझे मत आहे.

डिन्टझिस यांनी या पेशी १५ अंश तापमानाला ठेवल्या, म्हणजे काम मंदावेल. मग थोडाच वेळ किरणोत्सारी ल्युसिन दिले आणि त्या वेळात पूर्ण होऊन रायबोसोमवरून सुटलेल्या साखळ्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. त्यांचे ट्रिप्सिनने तुकडे केले, इन्ग्रम यांच्या पद्धतीने पसरवले आणि कोणत्या तुकड्यात किती किरणोत्सार आहे ते मोजले.

वर्गात हे समजावताना मी धुळ्यातल्या यंत्रमागांचे उदाहरण देत असे. समजा शंभर मागांवर कापड चालू आहे. कुठे नुकतेच सुरू झाले आहे, कुठे निम्मे झाले आहे, कुठे संपत आले आहे. तुम्ही एका क्षणी सगळीकडे लाल धागा लावला आणि थोड्या वेळाने फक्त पूर्ण होऊन उतरलेली कापडे गोळा केली. त्यांत लाल पट्टा कुठे असेल? शेवटच्या काठालाच. जास्त वेळ थांबलात तर पट्टा मागे मागे वाढत जाईल, सुरुवातीच्या काठाला तो सगळ्यांत उशिरा पोचेल. आणि लाल पट्टा कुठे आहे यावरून विणकाम कोणत्या बाजूने सुरू झाले ते माग न पाहताही सांगता येईल.

डिन्टझिस यांना नेमके हेच दिसले. थोड्या वेळात किरणोत्सार फक्त साखळीच्या शेवटच्या, म्हणजे कार्बॉक्सिल टोकाकडच्या तुकड्यांत होता. वेळ वाढवली तसा तो उतरणीने अमिनो टोकाकडे पसरत गेला. बिशप, लेही आणि श्वीट यांनीही याच सुमारास हिमोग्लोबिनवरच काम करून हीच दिशा सांगितली होती, पण डिन्टझिस यांची उतरण इतकी स्वच्छ होती की वादाला जागा राहिली नाही. साखळी एका टोकापासून सुरू होते आणि एकेक पाऊल पुढे जाते. शरीराच्या तापमानाला सगळी साखळी सुमारे दीड मिनिटात पूर्ण होते असा त्यांचा हिशेब निघाला.

१४६ अमिनो आम्ले, ९० सेकंद. म्हणजे सेकंदाला दीडाहून थोडी अधिक. या हिशेबाने सहाव्या जागेवर पोचायला रायबोसोमला चार सेकंदही लागत नाहीत. सिकलसेल म्हणून जे काही आहे ते या चार सेकंदांत घडून जाते. उरलेली शहाऐंशी सेकंदे तो अगदी निरोगी माणसाचेच हिमोग्लोबिन विणत असतो.

त्याच १९६१ च्या मे महिन्यात ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी निरोप्या आरएनएचे अस्तित्व दाखवले. वर्षअखेरीस क्रिक आणि सहकाऱ्यांनी हा निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो हे सिद्ध केले. तीन अक्षरे म्हणजे एक अमिनो आम्ल. नीरेनबर्ग आणि मथाई यांनी पहिला शब्द फोडला, आणि १९६६ पर्यंत सगळा शब्दकोश पुरा झाला. त्या कामासाठी नीरेनबर्ग, हॉली आणि आपले हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल मिळाले. हा भाग सर्वांनी शाळेत वाचलेला असतो, म्हणून इथे थांबत नाही.

कमी माहीत असलेला भाग पुढचा आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीसाठी १४६ गुणिले तीन, म्हणजे ४३८ अक्षरांचा निरोप लागतो. ताणून धरला तर त्याची लांबी सुमारे १५०० अँगस्ट्रॉम भरते. एक रायबोसोम त्यातली तीसएक अक्षरे व्यापतो. मग बाकीची वाट मोकळीच पडून राहते का? जोनाथन वॉर्नर, पॉल नॉफ आणि अलेक्झांडर रिच यांनी १९६२-६३ मध्ये पुन्हा सशाच्याच कच्च्या तांबड्या पेशी हळुवार फोडून पाहिल्या. रायबोसोम सुटे नव्हते, घोळक्याने होते आणि घोळक्यात बहुतेकदा पाच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत दोन रायबोसोमांमधला बारीक धागाही दिसला. एकाच निरोपावर पाच वाचक, एकापाठोपाठ एक, प्रत्येकाची साखळी वेगवेगळ्या लांबीची. कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेवर अंतर राखून लागाव्यात तशी ही रांग. पहिली गाडी पोचून रिकामी होते तेव्हा शेवटची नुकतीच गावातून निघालेली असते.

रायबोसोम पाऊल टाकतो कसे, हा प्रश्न त्यानंतर चाळीस वर्षे पुरला. १९६८ मध्ये मार्क ब्रेट्शर यांनी केवळ विचाराने एक सूचना केली : रायबोसोमचे दोन भाग आहेत, एक मोठा आणि एक लहान, ते एकदम सरकत नसावेत, आळीपाळीने सरकत असावेत. १९८९ मध्ये मोआझेद आणि नोलर यांनी त्याला प्रयोगाचा आधार दिला. २००० साली जोआकिम फ्रँक आणि राजेंद्र कुमार अग्रवाल यांनी गोठवलेल्या रायबोसोमांची हजारो चित्रे एकत्र करून दाखवले की लहान भाग मोठ्या भागावर काही अंशांनी फिरतो आणि परत येतो. दोऱ्याच्या रहाटाला मागे न फिरू देणारी खुंटी असते ना, तशी ही योजना आहे. या हालचालीला मदत करणारे एक प्रथिन दरवेळी येऊन बसते, जीटीपीची ऊर्जा खर्च होते आणि निरोप बरोबर तीन अक्षरे पुढे सरकतो. दोन नाही, चार नाही. रायबोसोमची अणूंपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण आमच्या शेजारच्या बडोद्यात झालेले आहे. आदा योनाथ आणि थॉमस स्टाइट्झ हे दुसरे दोघे.

ही तीन अक्षरांची चाल किती नाजूक आहे ते पाहायचे तर विषांकडे पाहावे. घटसर्पाच्या जंतूचे विष पाऊल पुढे टाकणाऱ्या त्या मदतनीस प्रथिनालाच खीळ घालते. रायबोसोम असतो, निरोप असतो, पण पाऊल पडत नाही. बांधावरच्या एरंडाच्या बीतले रिसिन खुद्द रायबोसोमच्याच एका वळणावर घाव घालते. दोन्हींची अगदी थोडी मात्रा जिवावर बेतते, कारण एकेक रेणू एकापाठोपाठ एक कितीतरी बळी घेऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या वर्गात शिरपूर, चोपड्याकडची पावरा आणि भिल्ल मुले असत. एकाने विचारले होते, "सर, रायबोसोम एवढा हुशार आहे, तर त्याला सहाव्या जागेवरची चूक कळत नाही का?"

कळत नाही. कळण्याची सोयच नाही. रायबोसोम एवढेच तपासतो की निरोपातली तीन अक्षरे आणि अमिनो आम्ल घेऊन आलेल्या वाहकाची तीन अक्षरे जुळतात की नाही. त्या तपासणीत तो हजार ते दहा हजारांत एखाद्या वेळी चुकतो. सिकलसेलच्या निरोपात जी-ए-जी ऐवजी जी-यू-जी असते. जी-यू-जी म्हणजे व्हॅलिन, आणि रायबोसोम व्हॅलिनच बसवतो. त्याने काम चोख केलेले असते.

धुळ्यात हे समजावणे सोपे जाते. या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी उभे केलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुन्या पोथ्या पाहिलेल्यांना नकलाकाराचे ते शेवटचे मागणे माहीत असते : पुढ्यात जसे होते तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्याकडे नाही. रायबोसोमला बोलता आले असते तर तो हेच म्हणाला असता.

मी फळ्यावर एक वाक्य लिहीत असे : मदन सरळ शहर बघत परत. व्याकरणाने फार बरे नाही, पण प्रत्येक शब्द तीन अक्षरी आहे. यात एकच अक्षर बदला, 'स'च्या जागी 'ग' : मदन गरळ शहर बघत परत. वाक्य चालते, शब्द खरा आहे, लांबी तीच आहे. फक्त सरळचे गरळ झाले, म्हणजे विष. हा सिकलसेल.

आता अक्षर बदलू नका, एक जास्तीचे घाला : मदन गसर ळशह रबघ तपर त. पुढचे सगळेच गेले. वाचणारा तीन-तीननेच चालला, आणि तीन-तीननेच चालल्यामुळे सगळे बिघडले. बीटा थॅलसीमियाच्या भारतात नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत असा एक आहे : आठव्या-नवव्या शब्दांत एक 'जी' अधिक येतो. दुसऱ्या एका प्रकारात ४१-४२ व्या शब्दांतली चार अक्षरे गळतात. तिसऱ्यात पंधराव्या जागी शब्दाऐवजी पूर्णविरामच येतो, रायबोसोम पंधरावर थांबून उतरून जातो आणि हाती उपयोगाचे काहीच लागत नाही. फाळणीनंतर जळगाव-धुळ्यात वसलेल्या सिंधी कुटुंबांना थॅलसीमिया चांगला परिचयाचा आहे. त्यांच्यात बऱ्याचदा दिसणारा दोष आणखी वेगळा आहे : ६१९ अक्षरांचा एक तुकडाच जनुकातून गायब असतो. एकाच जिल्ह्यातली दोन मुले, दोघांनाही रक्तक्षय, दोघांचाही बीटा साखळीचा दोष. पण एकाच्या पेशीत रायबोसोम पूर्ण, चुकीची साखळी भरपूर बनवतो आणि दुसऱ्याच्या पेशीत साखळीच होत नाही. उपचार ठरवताना हा फरक लागतो, आणि म्हणून नुसते 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या देणे योग्य नव्हे.

पूर्ण साखळी बनते, मग बिघडते कुठे? ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमते. व्हॅलिन पाण्याला नाखूश असते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चिकटून ताठ दोर तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळा होतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येकात बीटा साखळ्या दोन. विळ्या झालेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडे-सांधे ठणकतात, पानथरी निकामी होते, न्यूमोनिया लवकर धरतो.

वाहकाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आमच्याकडे अजून पुरेशी पोचलेली नाही. वाहकाच्या पेशीत दोन निरोप असतात, एक सरळ आणि एक गरळ, आणि तेच रायबोसोम दोन्ही वाचतात. तयार झालेल्या हिमोग्लोबिनात सिकलचा वाटा निम्म्याहूनही कमी, साधारण ३५ ते ४० टक्के असतो, कारण अल्फा साखळी निरोगी बीटाशी अधिक सहज जुळते. एवढ्या मिश्रणात दोर सहसा बनत नाहीत. वाहक रुग्ण नसतो. उलट मलेरियाच्या मुलखात त्याला फायदा असतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवले. सातपुड्याच्या पायथ्याचा ताप खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरलाही ठाऊक होता. त्या तापातून जी लेकरे जगली त्यांच्या वंशात हे जनुक टिकले. आज आपण ज्याला रक्तातली खोट म्हणतो, तिने एके काळी पाड्यांवरची पाळणाघरे रिकामी होऊ दिली नाहीत.

महाराष्ट्रात तपासणीनंतर कार्डे देतात. पांढरे निरोग्याला, पिवळे वाहकाला, लाल रुग्णाला. माझ्या एका पावरा विद्यार्थ्याला पिवळे कार्ड मिळाले. पुढे सोयरिकीची बोलणी चालू असताना ते कोणाच्या तरी नजरेला पडले आणि मुलीकडच्यांनी नकार कळवला. मुलीची तपासणी झालेलीच नव्हती. दोघे वाहक असतील तरच प्रत्येक अपत्यामागे चारात एक असा धोका असतो. एकटा वाहक असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही, फक्त प्रत्येक मूल वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. दोन मिनिटांचे गणित आहे, पण ते कोणी बोलीत बसून सांगितले नव्हते. आता तो आश्रमशाळेत शिकवतो आणि सरळ-गरळचे वाक्य पावरीत बनवून वापरतो असे त्याने कळवले. त्याचे लग्न दुसरीकडे झाले. तिथे आधी दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट आमच्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी सिकल जनुकाच्या आजूबाजूची वळणे तपासून दाखवले की भारतातला आणि पूर्व अरबस्तानातला हा बदल आफ्रिकेतून आलेला नाही. तो आशियात स्वतंत्रपणे झाला. तेच अक्षर, तीच जागा, पण वेगळा जन्म. या आशियाई प्रकाराबरोबर एक देणगी येते. पोटातल्या गर्भाचे हिमोग्लोबिन गॅमा साखळीचे असते. गॅमाचा निरोप वेगळा आहे, त्यात सहाव्या जागेचा हा बखेडा नाही. जन्मानंतर गॅमाचा निरोप हळूहळू बंद होतो आणि बीटाचा वाढतो. म्हणूनच बारशाला गुटगुटीत असलेले मूल सहा महिन्यांनंतर हातापायांच्या सुजेने रडू लागते आणि घरच्यांना दृष्ट लागल्यासारखे वाटते. आशियाई प्रकारात गॅमा मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतो, आणि अनेक आदिवासी जमातींत त्यामुळे आजार सौम्य राहतो. सौम्य म्हणजे नाही असे नव्हे. नागपूरच्या रुग्णालयांतले अनुभव पाहिले तर याच प्रकाराची तीव्र रूपेही भरपूर आहेत.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच वाटेने काम करते. मुळात ते कर्करोगाचे. त्याने गॅमा वाढतो हे लक्षात आल्यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, १९९५ साली निष्कर्ष आले आणि १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. नागपूरला डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना रोज वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत ते देऊन पाहिले. वेदनेचे झटके कमी झाले, रक्त चढवण्याची वेळही कमी आली. औषध सहाव्या जागेला हात लावत नाही. रायबोसोम तसाच चालतो, गरळचे गरळच वाचतो. फक्त त्याच्या वाटेवर गॅमाचे निरोप जास्त येऊ लागतात आणि त्या मिश्रणात दोर कमी वळले जातात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. पहिली पायरी विद्राव्यता चाचणीची आहे : बोटातून रक्ताचा थेंब, नळीत द्रावण, गढूळ झाले तर पुढची तपासणी. ही चाचणी वाहक आणि रुग्ण असा भेद करीत नाही, तो भेद दुसऱ्या तपासणीत ठरतो. म्हणून पहिल्या नळीवरून कोणाच्या हाती कार्ड देऊ नये. आणि लाल कार्ड ज्याच्या हाती पडले त्याला ही गोळी रोज लागते, तीही पांढऱ्या पेशींची मोजणी वेळोवेळी करून. धडगावच्या पुढच्या पाड्यावरून त्या मोजणीसाठी खाली उतरायचे म्हणजे एक मजुरीचा दिवस जातो, आणि पावसाळ्यात कधी कधी दोन.